रक्ताची नळी हातात घेण्याआधी: आफ्रिकेत आरोग्य-संशोधनाला निघालेल्यांसाठी

गेल्या आठवड्यात पुन्हा तसाच फोन आला. पुण्यात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलेली मुलगी, केनियात एका अभ्यासावर दोन वर्षांचं काम मिळालेलं, तिकीट पुढच्या महिन्याचं. "दादा, निघायच्या आधी काय काय वाचून घेऊ?" तिला जे सांगितलं तेच इथं जरा निगुतीनं लिहितोय. असे फोन वर्षातून चार-पाच तरी येतात आणि दर वेळी घाईत काहीतरी सांगायचं राहून जातं.

आफ्रिका म्हणजे ५४ देश, हे पहिल्यांदा डोक्यात बसवा. लागोसच्या मोठ्या रुग्णालयात जे चालतं ते मलावीच्या खेड्यात चालेलच असं नाही. मी काम केलं ते केनियाच्या किनाऱ्यावर, त्यामुळं उदाहरणं बहुतेक तिथलीच येतील. मोम्बासाच्या उत्तरेला साठेक किलोमीटरवर किलिफी नावाचं गाव आहे. तिथं १९८९ पासून केनियाची सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट मिळून संशोधन केंद्र चालवतात. आफ्रिकेतल्या बालआरोग्याबद्दल आज जे छातीठोक सांगता येतं त्यातलं बरंच या एका केंद्रातून आलंय.

नवखी माणसं यंत्रं, सॉफ्टवेअर आणि नमुने गोठवणाऱ्या फ्रीझरची काळजी करतात. ती करायला हवीच. पण मी पाहिलेले बहुतेक अभ्यास बिघडले ते रक्ताची नळी हातात घेण्याआधी, आणि बिघडलेत हे कळलं ते आकडे मांडायला बसल्यावर.

१. प्रश्न वॉर्डातून उचला

ताप आलेलं, हातपाय गार पडलेलं, नाडी क्षीण झालेलं लहान मूल रुग्णालयात येतं. पाठ्यपुस्तक सांगतं, शिरेतून झपाट्यानं सलाइन चढवा. हा नियम आला श्रीमंत देशांतून, जिथं शेजारीच व्हेंटिलेटर आणि अतिदक्षता विभाग असतो. पूर्व आफ्रिकेतल्या जिल्हा रुग्णालयात यातलं काही नसतं. मग तिथंही हा नियम लागू पडतो का? हे कुणी नीट तपासून पाहिलंच नव्हतं.

किलिफीच्या डॉ. कॅथरिन मेटलँड आणि त्यांच्या केनिया, युगांडा, टांझानियातल्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये सहा रुग्णालयांत ही चाचणी सुरू केली. नाव 'फीस्ट'. मुख्य गटांत ३,१४१ मुलं होती. एका गटाला अल्ब्युमिन (रक्तातल्या एका प्रथिनाचं द्रावण) झपाट्यानं, दुसऱ्याला सलाइन झपाट्यानं, आणि तिसऱ्याला झपाट्याचं काहीच नाही, फक्त रोजच्या गरजेपुरतं पाणी शिरेतून. प्रतिजैविकं, मलेरियाची औषधं, ऑक्सिजन, लागलं तर रक्त, हे तिन्ही गटांना सारखं. ४८ तासांतल्या मृत्यूंचं प्रमाण निघालं पहिल्या दोन गटांत १०.६ आणि १०.५ टक्के, तिसऱ्यात ७.३ टक्के. म्हणजे जे उपकारक म्हणून सगळीकडे शिकवलं जात होतं, त्यानं दर शंभरामागं तीन मुलं जास्त दगावत होती. देखरेख करणाऱ्या स्वतंत्र समितीनं ठरलेल्या ३,६०० मुलांपर्यंत जाऊ न देता चाचणी थांबवायला सांगितली. निकाल २०११ मध्ये छापून आला आणि जगभरच्या बालरोगतज्ज्ञांची झोप उडाली. (जुलाब-उलट्यांनी सुकलेली आणि तीव्र कुपोषित मुलं या चाचणीत नव्हती. निकाल सांगताना लोक हे हमखास विसरतात.)

म्हणून पहिली पायरी अशी. गेल्यावर दोन आठवडे काही मोजू नका. वॉर्डात बसा, भरतीचं रजिस्टर चाळा, रात्रपाळीच्या नर्सबरोबर चहा प्या. केनियात बहुतेक रुग्ण आधी 'क्लिनिकल ऑफिसर' तपासतो. तीन वर्षांची पदविका झालेला हा माणूस रोज शंभर निर्णय घेतो, त्याला विचारा की कुठला निर्णय घेताना हात अडखळतो. मग स्वतःला विचारा, माझ्या अभ्यासाचं उत्तर 'हो' आलं काय किंवा 'नाही' आलं काय, या वॉर्डातली उद्याची वागणूक बदलेल का? बदलणार नसेल तर तो प्रश्न तुमच्या शोधनिबंधाच्या कामाचा असेल, त्या मुलांच्या नाही.

२. परवानग्या

इथं फार रेंगाळत नाही. केनियात मान्यताप्राप्त नीतिमत्ता समितीची मंजुरी, मग विज्ञान-तंत्रज्ञान आयोगाचा संशोधन-परवाना (लोक त्याला नुसतं 'नाकोस्टी' म्हणतात), औषध किंवा लस असेल तर औषध नियंत्रण मंडळ, आणि २०१३ पासून आरोग्यसेवा काउंटी सरकारांकडे गेल्यामुळं काउंटीच्या आरोग्य विभागाचं पत्र. नमुने देशाबाहेर जाणार असतील तर त्याचा वेगळा करार. माणसांची माहिती साठवणार असाल तर २०१९ चा विदा संरक्षण कायदा लागू होतो. युगांडा आणि टांझानियात समित्यांची नावं वेगळी, उतरंड साधारण हीच. या सगळ्याला सहा महिने ते वर्ष धरून चाला आणि पगाराचं गणितही त्यावरच मांडा.

प्रमुख संशोधक स्थानिक असू द्या. नुसता सहीपुरता नको, प्रश्न ठरवतानाच बरोबर असलेला हवा.

हे सगळं कागदी कटकट वाटत असेल तर कानो आठवा. उत्तर नायजेरियातल्या या शहरात १९९६ मध्ये मेंदूज्वराची भयंकर साथ होती. फायझर कंपनीनं तिथं 'ट्रोव्हान' या नव्या प्रतिजैविकाची चाचणी घेतली. मुलं दोनशे, त्यांतली अकरा दगावली. मृत्यू नव्या आणि जुन्या, दोन्ही औषधांच्या गटांत होते. वाद पेटला तो आई-बापांना हा प्रयोग आहे हे सांगितलं होतं का यावर, आणि मंजुरीचं पत्र खरं किती यावर. कंपनीनं आरोप नाकारले. २००९ मध्ये कानो राज्याशी ७ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड झाली. पण त्याआधीच, २००३ मध्ये, कानोसह उत्तरेतल्या काही राज्यांनी पोलिओची लस थांबवली होती. त्या अविश्वासाला इतर कारणंही होती, पण ट्रोव्हानची आठवण त्यात होतीच. एका चाचणीचं बिल दुसऱ्याच आजाराच्या मुलांनी भरलं.

३. गावात दारातून शिरा

केनियात गावकऱ्यांची जाहीर सभा म्हणजे 'बराझा'. ती चीफ बोलावतो. चीफ म्हणजे सरकारी प्रशासनातला खालच्या पायरीवरचा अधिकारी, त्याच्या हाताखाली असिस्टंट चीफ आणि वस्तीतले जाणते म्हातारे. या रांगेत एकालाही ओलांडून पुढं जाऊ नका. उत्तर घानात नाव्रोंगोला मोठं संशोधन केंद्र आहे, तिथं गावप्रमुखासमोर अशी सभा भरते तिला चक्क 'दरबार' म्हणतात. इंग्रजांनी आपल्याकडचा शब्द तिकडं नेऊन ठेवला आणि तो तिथं रुजला. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला हसू आवरेना.

दुसरा शब्द मात्र हसण्यासारखा नाही. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर 'मुमियानी' म्हणजे माणसांचं रक्त काढून त्याचं औषध करून विकणारे लोक. ही अफवा शंभर वर्षांहून जुनी आहे, स्वाहिलीच्या जुन्या शब्दकोशातही सापडते. शब्द मूळचा फारसी-अरबी, आपल्याकडचा 'मोमियाई' तोच. आणि अफवाही आपल्याला परकी नाही. १८९६ च्या प्लेगात मुंबईत हीच कुजबुज होती, की दवाखान्यात नेलेल्या माणसाची मोमियाई काढतात. त्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावानं आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. पुढच्या वर्षी पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरं कशी तपासली आणि त्याचा शेवट रँडच्या खुनात कसा झाला, हे आपण शाळेत शिकलोय. तेव्हा किलिफीतली एखादी आजी तुमची गाडी बघून नातवाला घरात ओढून घेते, तिला अडाणी म्हणायच्या आधी आपल्या पणजीला विचारायला हवं होतं.

त्यात तुम्ही भारतीय, म्हणजे 'मुहिंदी'. किनाऱ्यावर मुहिंदी म्हणजे दुकानदार. दुकानाला स्वाहिलीत 'दुका'च म्हणतात. पिढ्यान् पिढ्यांचा हिशेब त्या शब्दात आहे, गोडही आणि कडूही. उलट लसींच्या बाबतीत पुण्याचं नाव चांगल्या अर्थानं पोचलंय. मेंदूज्वराची स्वस्त लस डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत सुरू झाली ती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं बनवलेली. मलेरियाची आर-२१ लस, जिला जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२३ मध्ये शिफारस दिली, तीही तिथंच बनते. यातलं काही मिरवायला जाऊ नका. पण कुणी विचारलंच, तर ठाऊक असलेलं बरं.

बराझात करायचं काय? कमी बोलायचं. आधी ऐकायचं. रक्त किती काढणार, कुठं नेणार, उरलेल्याचं काय करणार, हे प्रश्न कुणी विचारायच्या आधी स्वतः काढायचे. लोकांना प्रयोगशाळा दाखवायला आणा. सूक्ष्मदर्शकाखाली मलेरियाचे परजीवी स्वतः पाहिलेल्या चार बायका गावात परत जाऊन जे सांगतील ते तुमच्या पत्रकानं होणार नाही. किलिफीत गावांनी निवडलेल्या प्रतिनिधींचे गट आहेत, संशोधकांनी त्यांच्याशी नियमित बोलायचं ही तिथली शिस्त आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या सान या आदिवासी लोकांनी तर २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःचीच आचारसंहिता काढली. जिथं अशी काही यंत्रणा असेल तिथं तिला शरण जा, नवी थाटू नका.

४. कोण कुठं राहतं ते मोजा

वॉर्डात आज न्यूमोनियाची दहा मुलं आली. ही दहा कितीमधली? हे माहीत नसेल तर आजार वाढला की घटला हे सांगता येत नाही. म्हणून किलिफीनं २००० मध्ये ८९१ चौरस किलोमीटरचा पट्टा आखला आणि त्यातलं प्रत्येक घर, प्रत्येक जन्म, मृत्यू, स्थलांतर नोंदवायला सुरुवात केली. अडीच लाखांवर माणसं, दर चार महिन्यांनी फेरी. रुग्णालयात मूल भरती झालं की त्याची नोंद या यादीतल्या नावाशी जोडली जाते. त्यामुळंच २०११ मध्ये न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जंतूवरची लस आल्यावर सांगता आलं, की या जंतूच्या ज्या प्रकारांवर ती लस आहे त्यांच्यामुळं होणारा गंभीर आजार पाच वर्षांखालच्या मुलांत ९२ टक्क्यांनी घटला. सेनेगलमध्ये नियाखारला असं मोजणं १९६२ पासून चालू आहे. आणि लांब कशाला, पुणे जिल्ह्यात वढूला केईएमच्या संशोधन केंद्राचं तसंच क्षेत्र आहे, या सगळ्या केंद्रांच्या एकाच जाळ्यातलं. जाण्याआधी तिथं चार दिवस घालवता आले तर घालवा.

मोजायचं म्हटलं की पहिली अडचण 'घर' या शब्दाची. एका अंगणात चार झोपड्या, एक नवरा, दोन बायका, थोरल्या मुलाची वेगळी चूल, आणि मोम्बासात नोकरीला असलेला धाकटा जो महिन्यातून एकदा येतो. घरं किती? व्याख्या आधी लिहा आणि वीस अवघड उदाहरणांवर सगळ्या फील्डवर्करना एकत्र बसवून भांडू द्या. आमच्या एका अभ्यासात हे भांडण आधी झालं नाही. तीन महिन्यांनी लक्षात आलं की दोघं जण चुली मोजत होते आणि तिघं जण अंगणं. सगळं पुन्हा मोजावं लागलं.

दुसरी अडचण वयाची. जन्मतारीख नसते, घटना असतात. आपल्याकडं 'बहात्तरच्या दुष्काळात हा पोटात होता' किंवा 'कोयनेच्या भूकंपाआधीची ही' म्हणतात, तसंच. तिथं १९६३ चं स्वातंत्र्य, १९८२ चा फसलेला उठाव, १९९७-९८ चा एल निनोचा पाऊस, २००७ च्या निवडणुकीनंतरचा हिंसाचार. अशा खुणांचं कॅलेंडर गावातल्या म्हाताऱ्यांबरोबर बसून बनवा. लहान मुलांसाठी त्याहून बारीक खुणा लागतात: कुठला रमजान, कुठली लावणी, शाळा कधी उघडली.

तिसरी गोष्ट गणिताची, पण टाळू नका. एकाच गावातली माणसं एकमेकांसारखी असतात: तेच डबकं, तेच डास, तोच दवाखाना. त्यामुळं गावागावांतून वीस-वीस माणसं घेतलीत तर ती तेवढ्या सुट्या माणसांइतकी माहिती देत नाहीत. गावातल्या साम्याचा गुणांक नुसता ०.०५ असला तरी एक अधिक एकोणीस (वीसातून एक वजा) गुणिले ०.०५ म्हणजे १.९५. नमुना जवळजवळ दुप्पट हवा. निधी मागतानाच हे धरा.

५. संमती

इथं मात्र बसून बोलू.

स्वाहिलीत संशोधनाला 'उताफिती' म्हणतात आणि तपासणीला 'उचुंगुझी'. पांढरा कोट घातलेल्या माणसानं रुग्णालयाच्या आवारात उताफिती म्हटलं तरी ऐकणारीला बहुधा उचुंगुझीच ऐकू येतं. लेकराची तपासणी होतेय, चांगलं आहे, कुठं अंगठा देऊ? तिची चूक नाही. आपल्याकडं ससूनच्या बाह्यरुग्ण विभागात उभ्या असलेल्या बाईला 'संशोधन' आणि 'तपासणी' यातला फरक विचारून बघा.

म्हणून माहितीपत्रक आधी स्थानिक भाषेत लिहा, मग दुसऱ्याच माणसाकडून ते इंग्रजीत उलटं आणा, आणि दोन्ही शेजारी ठेवून फरक बघा. किलिफीच्या आतल्या भागात स्वाहिलीही पुरत नाही, गिरियामा लागते. सांगून झाल्यावर 'कळलं का?' असं कधीही विचारू नका. त्याचं उत्तर जगात सगळीकडं 'हो' असतं. त्याऐवजी म्हणा: "घरी गेल्यावर नवऱ्यानं विचारलं की तिकडं काय करणार आहेत, तर तुम्ही काय सांगाल?" ती जे सांगते त्यात तीन गोष्टी यायला हव्यात. हे उपचारापलीकडचं काहीतरी आहे. मी नाही म्हणू शकते. नाही म्हटलं तरी उपचार मिळणार आहेत. एकही राहिली तर पुन्हा पहिल्यापासून.

चिठ्ठ्या टाकून गट ठरवणं समजावताना आमच्याकडं एक फील्डवर्कर 'बाहाती नासिबू' म्हणायचा, म्हणजे लॉटरी. शब्द सोपा, सगळ्यांना कळणारा. एका आईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला आजवर एकही लॉटरी लागलेली नाही. माझ्या पोराला यात नका घेऊ." तिला काय कळलं? की एका गटात बक्षीस आहे आणि दुसऱ्यात ठणठणाट. त्या दिवसापासून तो शब्द आम्ही काढून टाकला. त्याऐवजी सांगायचं, की दोन्ही औषधं डॉक्टर वापरतात, कुठलं जास्त चांगलं हे आम्हाला खरंच माहीत नाही, म्हणून कुणाला कुठलं हे आमच्या मर्जीवर सोडत नाही. 'आम्हाला माहीत नाही' हे तोंडातून काढायला डॉक्टर मंडळींना फार जड जातं. सराव करून घ्या.

रक्ताचं माप मिलिलिटरमध्ये सांगू नका, चहाच्या चमच्यात सांगा. पाच मिलि म्हणजे एक चमचा. खरा चमचा बरोबर ठेवा आणि पाणी भरून दाखवा. दहा किलोच्या मुलाच्या अंगात साधारण आठशे मिलि रक्त असतं, त्यातला हा एक चमचा, असं सांगितलं की आईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना दिसतो. दिसला नाही तर तुम्ही फार रक्त मागताय का, हे बघा.

'घरात विचारून सांगते' हे उत्तर 'हो' नाही आणि 'नाही'ही नाही. ते तसंच घ्या. नवरा शहरात असेल, सासू निर्णय घेत असेल. एक रात्र द्या, फोन करू द्या. सही येत नसेल तर अंगठ्याबरोबर साक्षीदार हवा, आणि तो तुमच्या अभ्यासाच्या पगारावरचा नको. येण्या-जाण्याचं मटाटूचं (तिथल्या वडापचं) भाडं आणि बुडालेला रोज द्या. त्याहून फार जास्त दिलंत तर गरीब माणसाला 'नाही' म्हणणं परवडत नाही. नेमका आकडा स्थानिक समितीकडून ठरवून घ्या, आपल्या मनानं नको.

आणि मूल झटके देत आत आलं तर? तिथं आईला चार पानी पत्रक वाचून दाखवणं म्हणजे क्रूरपणा. फीस्टमध्ये तेव्हा तोंडी होकार घेत, त्यालाही नकार देता येत असे, आणि मूल सावरल्यावर निवांत बसून पूर्ण लेखी संमती. मूल सावरलंच नाही तर त्या आईपाशी कागद घेऊन कुणी, कधी, किंवा जायचंच की नाही, हे अभ्यास सुरू होण्याआधी समितीकडून ठरवून घ्या. त्या रात्री सुचत नाही.

६. वॉर्डात

मुंबईत रक्तात मलेरियाचे परजीवी दिसले की तापाचं कारण सापडलं म्हणून आपण मोकळे होतो. किनारी केनियात, युगांडात तसं चालत नाही. जिथं डास वर्षभर चावतात तिथं धडधाकट खेळणाऱ्या मुलांच्या रक्तातही परजीवी असतात. ताप न्यूमोनियाचा आणि रक्तात परजीवी जुनेच, असं सर्रास होतं. म्हणून मलेरियाच्या आरटीएस,एस लसीच्या मोठ्या चाचणीत, जी सात देशांत झाली, मलेरियाची केस धरायला नुसते परजीवी पुरत नव्हते, ताप आणि घन मिलिमीटरमागं पाच हजारांवर परजीवी लागत होते. झटपट चाचणीची पट्टीही फसवते, औषध घेऊन बरं झाल्यावरसुद्धा काही आठवडे ती होकारार्थी राहू शकते. केसची व्याख्या ठरवताना हे लिहून ठेवा, नाहीतर तुमच्या लसीचा किंवा औषधाचा परिणाम आहे त्याहून कमी दिसेल.

आजाराची विचारपूस करताना स्थानिक शब्द शिका. 'होमा' म्हणजे ताप, पण त्यात सर्दीपासून मलेरियापर्यंत सगळं येतं. 'देगेदेगे' म्हणजे मुलाला येणारे झटके, आणि बऱ्याच घरांत तो मलेरिया मानतच नाहीत, बाहेरची बाधा समजतात. तुम्ही 'मलेरिया झाला होता का?' विचारलंत की आई खरंखुरं 'नाही' म्हणते, आणि तुमच्या तक्त्यात मेंदूच्या मलेरियाची एक केस कमी होते. मूल आधी वैदूकडं नेलं होतं का हेही विचारा. पण सुरात आरोप नको. आकडी आलेल्या पोराला आधी देवऋष्याकडं नेणारी घरं आपण पाहिलेली आहेत.

वॉर्डातल्या सरकारी नर्सपेक्षा तुमच्या अभ्यासाच्या नर्सला पगार जास्त असतो, हे सगळ्यांना माहीत असतं. अभ्यासाचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर अभ्यासातल्या मुलापाशी, आणि शेजारच्या खाटेवरचं मूल निळं पडतंय, अशी वेळ येते. ती यायच्या आधी नियम करा: यंत्र वॉर्डाचं, ज्याला गरज त्याला. नियम नसेल तर रात्री दोन वाजता कुणीतरी एकटीनं तो निर्णय घेईल आणि नंतर तुम्ही तिच्याकडं 'नियमभंगा'चा फॉर्म पाठवाल.

७. वस्तीतला एक दिवस

स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून चालतं. 'सा मोजा' म्हणजे शब्दशः एक वाजले, पण आपल्या घड्याळात सकाळचे सात. 'सा म्बिली' म्हणजे आठ. 'सा नाने', म्हणजे आठवा तास, हे दुपारचे दोन. माझ्या पहिल्याच महिन्यात मी मोडक्या स्वाहिलीत सकाळी आठसाठी 'सा नाने' सांगून बसलो. आठ वाजता झाडाखाली मी, माझा ड्रायव्हर आणि दोन बकऱ्या. चीफ दुपारी दोनला वेळेवर आला. सभेचं निभावलं, औषधाच्या वेळेत हीच चूक झाली असती तर डोस सहा तासांनी हलला असता. वेळ सांगताना दोन्ही घड्याळांत सांगा आणि गोळ्यांच्या पुडीवर सूर्याचं चित्र काढा.

अंगणाच्या कडेला थांबून 'होडी' म्हणायचं, आतून 'करीबू' आलं की मगच पाऊल टाकायचं. वडीलधाऱ्यांना 'शिकामो', ते म्हणतात 'मराहाबा'. मग पाणी, पीक, पोरंबाळं. प्रश्नावली त्यानंतर. पहिली पाच मिनिटं वाया गेली असं टॅब्लेटला वाटतं, माणसांना नाही.

एप्रिल ते जून मोठा पाऊस, ऑक्टोबर-नोव्हेंबरला छोटा. रस्ते जातात आणि डास येतात. मलेरियाचा अभ्यास नेमका तेव्हाच जोरात हवा असतो, म्हणजे दुचाकी, प्लास्टिक पिशव्या आणि नेटवर्कशिवाय चालणारे फॉर्म लागतात. टॅब्लेटवरचा डेटा रोज संध्याकाळी उतरवा. बाजाराच्या दिवशी कुणी घरी नसतं. आणि वस्तीत 'मटांगा', म्हणजे मयताचं घर असेल, तर फॉर्म गाडीतच ठेवून जरा वेळ बसून या.

जे मृत्यू रुग्णालयाबाहेर होतात त्यांचं कारण शोधायला नंतर घरच्यांना लक्षणं विचारतात, तिला तोंडी शवचिकित्सा म्हणतात. सुतक सरल्यावर जा, पण आठवण पुसट होईपर्यंत थांबू नका. विचारणारी व्यक्ती स्थानिक, शक्यतो वयानं मोठी हवी. दिवसाला दोनच्या वर मुलाखती कुणाला देऊ नका. फील्डवर्करही रडतात, आणि त्यांतल्या काहींची स्वतःची मुलं त्याच यादीत असतात.

प्रयोगशाळेबद्दल एवढंच: जनरेटरचं डिझेल, फ्रीझरचा अलार्म, आणि किल्ली नेमकी कुणाकडं, याची यादी भिंतीवर लावा. मलेरियासाठी रक्ताचा थेंब पसरलेली प्रत्येक काच दोघांनी एकमेकांचं न बघता वाचायची.

८. उत्तर परत न्या

निकाल जर्नलमध्ये येण्याच्या सुमारास बराझा पुन्हा बोलवा. त्याच चीफकडून, त्याच रांगेनं. आकडे नकोत, तीन वाक्यं हवीत: काय विचारलं होतं, काय सापडलं, आता दवाखान्यात काय बदलेल. काहीच सापडलं नसेल तर तेही सांगा. 'आमचं रक्त नेलं आणि परत कुणी आलं नाही' हे वाक्य तुम्हाला प्रत्येक गावात ऐकू येईल, कारण तुमच्या आधी कुणीतरी तसं केलेलं असतं. उरलेले नमुने किती वर्षं, कुठं, कुणाच्या ताब्यात राहणार, हेही इथंच सांगा. फाइलमध्ये लिहून ठेवलेलं गावाला कळत नाही.

लेखकांच्या नावांची रांग पहिल्या महिन्यातच कागदावर ठरवा. ज्या डॉक्टरनं रात्री दोनशे मुलं अभ्यासात घेतली तिचं नाव आभारात आणि लंडनमध्ये आलेख काढणाऱ्याचं पहिलं, असं होऊ नये म्हणून.

आणि निधी संपायच्या तीन महिने आधी फील्डवर्करना लेखी सांगा. अनुभवाची पत्रं इंग्रजीत, शिक्क्यासह, प्रत्येकानं नेमकं काय काम केलं ते लिहून द्या: किती मुलाखती, कुठलं सॉफ्टवेअर, कुठलं प्रशिक्षण. पुढच्या अभ्यासाची मुलाखत ते त्या कागदावर देतात. आमच्या एका अभ्यासात ही पत्रं शेवटच्या दिवशी घाईत टाइप झाली आणि दोघांची आडनावं चुकली. दुरुस्त पत्रं पोचायला पाच महिने लागले.